सात फुटी संस्थान

आपल्याकडे कालवा म्हटला की पाणीपट्टीची थकबाकी, पाळीवरून पेटलेली भाऊबंदकी आणि मध्यरात्री कंदील घेऊन दारे धरायला निघालेला शेतकरी एवढेच काय ते डोळ्यांपुढे उभे राहते. त्या पाण्यावर कोणी घर थाटून, चूल पेटवून, कुत्रा बाळगून आणि वर सरकारमान्य संस्थेकडे शुल्क भरून राहतो, असे नीरेच्या किंवा मुठेच्या काठच्या माणसाला सांगितले तर तो सांगणाऱ्याच्याच प्रकृतीची चौकशी करील. परंतु विलायतेत, विशेषतः त्या देशाच्या मध्यभागातील परगण्यांत, नेमके हेच करणाऱ्या गृहस्थांची एक स्वतंत्र जात सुखेनैव नांदत असून, नोकरीनिमित्त लेस्टरच्या आसपास स्थायिक झालेल्या आम्हा मराठी मंडळींना रविवारच्या फेरफटक्यात तिचे दर्शन हटकून घडते. या जातीच्या प्रतिनिधीस मी नौकापती म्हणतो. त्याला मराठी येत नसल्यामुळे त्याची तक्रार नाही.

नौकापती साधारणतः साठी ओलांडलेला असतो. पूर्वाश्रमी तो हिशेबनीस, शाळामास्तर अथवा एखाद्या विमा कंपनीतला मध्यम दर्जाचा अंमलदार होता आणि त्या काळी त्याच्या विजारीला इस्त्री असे, हे शपथेवर सांगूनही खरे वाटू नये, अशी त्याची सांप्रतची चर्या आहे. डोक्यावर तेलकट चपटी टोपी, कोपरांवर विरलेला स्वेटर, कमरपट्ट्यात मागच्या बाजूस खोचलेली विंडलास, म्हणजे लॉकच्या, अर्थात बोट चढवण्या-उतरवण्याच्या दारेबंद हौदाच्या, झडपा उचलण्याची काटकोनी लोखंडी किल्ली, आणि बोटांच्या पेरांत ग्रीस, डांबर व कोळशाची राख यांचा असा काही कायमचा मिलाफ, की नातवंडाला तो जवळ घेऊ लागला म्हणजे सुनेची नजर आधी त्या हातांकडे जाते.

ज्या वाहनावर तो आरूढ झाला आहे त्याचा इतिहास त्याला मुखोद्गत असतो, आणि तो ऐकून घेतल्याखेरीज बोटीवर चहा मिळत नाही. ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरने आपल्या वर्स्लीच्या खाणींतला कोळसा मँचेस्टरकडे नेण्यासाठी खणवलेला कालवा १७६१ साली खुला झाला, मँचेस्टरात कोळशाचा भाव त्यापायी निम्म्यावर आला, भांडवलदारांचे डोळे उघडले आणि पुढल्या साठ-सत्तर वर्षांत देशभर कालव्यांचे जाळे विणले गेले. पाणी कमी लागावे आणि बांधकाम स्वस्तात पडावे म्हणून मिडलंड्समधील बहुतेक लॉक जेमतेम ७ फूट रुंदीचे ठेवण्यात आले, आणि लॉक सात फुटी म्हणून बोटही, म्हणजे नॅरोबोट, सात फुटी, असा हा सरळ कार्यकारणभाव आहे. त्या बोटीत सिंहाचा वाटा मालाला आणि उरलेले सुमारे १० फूट माणसांना अशी वाटणी असे. तेवढ्या जागेत नवरा-बायको, मुलेबाळे, चूल आणि भांडीकुंडी असा सारा संसार मावायचा, शिवाय बाहेर घोड्याचे दाणावैरण निराळेच. मग रेल्वे आली, मोटारी आल्या, १९४८ साली कालवे सरकारजमा झाले, आणि १९६२-६३ च्या हिवाळ्यात ते आठवडेच्या आठवडे गोठून पडले, तेव्हा उरलीसुरली मालवाहतूकही बहुतांशी निकालात निघाली. तत्पूर्वीच रोल्ट नावाच्या एका इंजिनियराने ‘क्रेसी’ या बोटीवर सपत्नीक बिऱ्हाड थाटले, त्या प्रवासावरचे ‘नॅरो बोट’ हे त्याचे पुस्तक १९४४ साली निघाले, दोन वर्षांत कालवे वाचवण्यासाठी संस्थाही स्थापन झाली, आणि मोडीत निघू घातलेल्या पाण्यावर हौशी लोकांची वहिवाट सुरू झाली. तात्पर्य, ज्या अडचणीतून सुटका व्हावी म्हणून बोटकरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या परमेश्वराची करुणा भाकली, तीच अडचण नौकापतीने आपल्या निवृत्तीच्या पुंजीतून रोख मोजून, खरेदीखत करून, विकत घेतलेली आहे.

बोटीची लांबी विचारावी तर ‘सत्तावन्न फूट’ असे उत्तर येते आणि पाठोपाठ, न विचारता, त्याचे कारणही येते: उत्तरेकडचे काही लॉक आखूड असल्यामुळे ७० फुटी बोट तेथे अडते, ५७ फुटी मात्र देशातल्या जवळजवळ कोणत्याही कालव्यात जाऊ शकते. ती कोणत्याही कालव्यात गेलेली नसते, हा भाग वेगळा. नंतर मुंजीतल्या बटूने गोत्र-प्रवर सांगावे त्या थाटात तो ‘तळ दहा, बाजू सहा, केबिन चार’ असे म्हणतो; ही पोलादी पत्र्याची जाडी असून ती मिलिमीटरांत आहे, आणि दुसऱ्या कोणाच्या बोटीचा तळ सहाचा निघाला तर त्या घराण्याशी व्यवहार जपूनच करावा लागतो.

घड्याळाच्या, बँकेच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जाचातून मुक्त होऊन पाण्यावर निर्वेध कालक्रमणा करावी, एवढ्यासाठीच आपण ही बोट घेतली, अशी त्याची कैफियत असते. आणि ती तो अशा वेळी मांडतो, की ज्या वेळी त्याच्या एका हातात राखेची बादली आणि दुसऱ्या हातात मोडलेला बिल्ज पंप असतो. वास्तविक कोणत्याही मामलेदार कचेरीत नसेल एवढा कारभार या सात फुटी संस्थानात रोज निपटावा लागतो. पहाटे शेगडीतली राख काढणे, रात्रभर धुमसता ठेवलेला विस्तव खुलवणे, माणसांच्या आणि कुत्र्याच्या श्वासाने खिडक्यांवर जमलेले पाणी पुसणे, धुराड्यातून छपरावर ओघळलेला काळा चिकटा खरवडणे, बॅटऱ्यांत किती वीज उरली याचा झाडा घेणे, पाण्याच्या टाकीवर कान ठेवून अदमास बांधणे, दारावरच्या गुलाबांची आणि किल्ल्यांची पारंपरिक रंगचित्रे पुसणे, सुकाणूच्या पितळी दांड्याला झळाळी आणणे, हा झाला प्रातःकाळचा जाबता. हे आटोपेपर्यंत न्याहरीची वेळ टळते. सायंकाळी इंजिन बंद केल्यावर एक विधी राहतो, आणि तो मात्र कितीही पाहुणे असले तरी चुकत नाही. पाण्यातला पंखा फिरवणारा दांडा बोटीच्या पाठीतून जेथे बाहेर पडतो, त्या भोकातून कालवा आत शिरू नये म्हणून तेथे ग्रीस भरलेले असते. त्याच्या पितळी टोपणाला रोज संध्याकाळी, हाताला घट्ट लागेपर्यंत, पीळ द्यावा लागतो. नौकापती त्या वेळी फळी उचलून गुडघ्यांवर बसतो, अर्धा आत उतरतो, एक पीळ देतो, मग श्वास रोखून ऐकतो. ठिबकणे थांबले, की तो वर येतो आणि त्याच्या मुद्रेवर अशी कृतकृत्यता पसरते, की नोकरीच्या साऱ्या हयातीत ती एकदाही पसरली नसावी, असे त्याची पत्नी म्हणते.

नैमित्तिक कामांची यादी निराळी. दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून, तिच्या पोटावरचे शेवाळ पाण्याच्या जोरकस फवाऱ्याने झाडून, वर डांबरी रंगाचे दोन-तीन हात द्यावे लागतात. पोलादाऐवजी गंजण्याचे काम आपल्या अंगावर घेणारे मॅग्नेशियमचे ठोकळे झिजून बोटभर उरलेले असतात, ते बदलावे लागतात. दर चार वर्षांनी सुरक्षिततेचा दाखला, दर साल विमा, आणि कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट या संस्थेचा परवाना. ही संस्था २०१२ साली सरकारी महामंडळाच्या जागी आली, सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग तिच्या अखत्यारीत आहेत, आणि तिच्या नावाने बोटे मोडणे हा नौकापतीचा एकमेव सामाजिक कार्यक्रम आहे.

या एवढ्या कारभारात ज्याचा म्हणून कसलाही हातभार लागलेला नाही असा एकच जीव बोटीवर असतो. तो लर्चर जातीचा, म्हणजे ग्रेहाउंडच्या रक्ताचा, अतएव वाऱ्याच्या वेगाने धावण्यासाठी जन्मास आलेला आणि हयात झोपण्यात घालवणारा करड्या रंगाचा लांबलचक कुत्रा असून, त्याचे नाव ब्रिंडली आहे. जेम्स ब्रिंडली हा ड्यूकच्या त्या कालव्याचा सुप्रसिद्ध इंजिनियर. त्याला लिहिता-वाचता जेमतेम येई, आणि एखादा विकट प्रश्न पडला की तो एक-दोन दिवस बिछान्यात जाऊन पडे व उत्तर सापडल्यावरच उठे, असे त्याच्या चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. कुत्र्याने या थोर पुरुषाच्या गुणांपैकी अक्षरशत्रुत्व आणि शय्यानिष्ठा हे दोन तंतोतंत उचललेले आहेत. उत्तर सापडून उठण्याचा प्रसंग अद्याप आलेला नाही.

ज्यांनी नॅरोबोट आतून पाहिलेली नाही, त्यांना कुत्र्याच्या निद्रेचे राजकीय महत्त्व कळावयाचे नाही. बोटीची आतली रुंदी ६ फुटांच्या आसपास. त्यातून ओटा, बाकडी, कपाटे वजा जाता मधोमध उरतो तो एक बोळ, आणि संस्थानातली एकूण एक वाहतूक, चहापासून कोळशापर्यंत, त्या बोळातूनच चालते. त्या बोळात नेमके शेगडीसमोर, जेथे पायरी संपते तेथे, ब्रिंडली आडवा असतो. त्याला ओलांडताना पाहुणे ‘सॉरी’ म्हणतात. नौकापतीही म्हणतो. बोटीत जळत्या वासाचा संशय येऊन तो एकदा वरून धावत खाली आला, तेव्हा त्या ऐन धांदलीतही त्याने एक पाय वर उचलून धरला, ‘सॉरी, ओल्ड बॉय’ एवढे म्हणून घेतले आणि मगच तो करपलेल्या पावाकडे गेला, हे मी समक्ष पाहिलेले आहे.

श्वानाच्या दिनक्रमात धन्याच्या श्रमांचे अवलोकन हे मात्र एक कर्तव्य म्हणून असावे. एका दुपारी आम्ही मोठ्या डौलाने निघालो असता इंजिनाचा आवाज घोगरा झाला, बोटीने चालणे सोडले आणि पाठीमागे चॉकलेटी पाणी उसळू लागले. पंख्यात काहीतरी अडकले होते. नौकापतीने इंजिन बंद केले, किल्ली काढून खिशात घातली (ही दक्षता न घेणाऱ्यांची बोटे जाग्यावर राहत नाहीत, असे तो गंभीरपणे म्हणाला), फळी काढली, पंख्याच्या वरच्या झाकणाची पकड सैल केली आणि हातात पाव कापायची दातेरी सुरी घेऊन तो खांद्यापर्यंत बर्फगार पाण्यात शिरला. ब्रिंडली त्या वेळेपुरता उठला, डेकवर येऊन बसला आणि वर येणारी एकेक चीज हुंगून तिचा पंचनामा करू लागला: निळा नायलॉनचा दोर, प्लॅस्टिकची पिशवी, दुसरी प्लॅस्टिकची पिशवी, कोणाच्या तरी रेनकोटाची बाही, आणि गादीतली एक लोखंडी स्प्रिंग, जी निघायला सर्वांत जास्त वेळ लागला. धन्याचे ओठ निळे पडले होते. “ही गंमत मोटारवाल्यांच्या नशिबात नाही,” असे तो म्हणाला, आणि त्यात उपरोधाचा लवलेश नव्हता. झाकण परत बसवताना त्याने ते मला दोनदा तपासायला लावले, कारण ते विसरून इंजिन चालू केले की पंखा कालवा आत फेकतो आणि बोट थोड्याच अवधीत तळ गाठते. माझ्यानंतर ब्रिंडलीने तपासले.

वेगाविषयी बोलायचे तर कमाल मर्यादा ताशी ४ मैलांची आहे, आणि काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना तीही निम्म्यावर आणावी लागते. न आणल्यास त्या बोटींतून चहाचे पेले हातात धरलेली मस्तके बाहेर येऊन ताकीद देतात. पूर्वी घोडे ज्या वाटेने बोट ओढत त्या टोपाथवरून ब्रिंडली आपल्या सावकाश चालीने चालू लागला की तो बोटीच्या पुढे निघून जातो, वळणावर बसून राहतो, बोट आली की पुन्हा पुढे जातो. अशा रीतीने संस्थानचे आरमार एका झोपाळू कुत्र्याच्या मागोमाग देशाटन करते.

फॉक्स्टन येथे दहा लॉकची एक प्रसिद्ध माळ आहे. पाच-पाचांचे दोन गट, मध्ये समोरून येणाऱ्या बोटींना वाट देण्यापुरती जागा, आणि एकंदर चढ ७५ फुटांचा. १८१४ साली खुली झालेली ही माळ अद्याप चालू आहे आणि सुट्टीच्या दिवशी ती पाहायला माणसांची झुंबड उडते. येथील श्रमविभाग विचार करण्यासारखा आहे. नौकापती सुकाणूशी उभा राहतो, कारण सुकाणू धरणे हे जोखमीचे काम. उतरताना बोटीची पाठ मागच्या दारालगतच्या दगडी उंबरठ्यावर टेकली तर पाणी खाली जाते, बोट तिथेच लटकते आणि पुढे व्हायचे ते होते. म्हणून तो उंबरठ्याची हद्द दाखवणाऱ्या पांढऱ्या रेघेच्या पुढे बोट ठेवून, हातात चहा घेऊन, सावध असतो. विंडलास फिरवून झडपा उचलणे, तांबड्या खुणेची आधी आणि पांढऱ्या खुणेची नंतर हा क्रम सांभाळणे, कित्येक मण वजनाच्या दारांच्या तुळयांना पाठ लावून ती रेटणे आणि दहा वेळा वरखाली धावणे, ही बिनजोखमीची कामे त्याच्या सत्तरीला आलेल्या पत्नीकडे असतात. एका खेपेस सकाळपासून ती बाई एका शब्दाने बोलली नाही. शेवटचे दार बंद करून ती बोटीवर आली, तेव्हा नौकापतीने तिला, पाच क्रमांकाच्या लॉकला दार जरा हळू उघडता आले असते, असे सुचवले. त्यावर तिने विंडलास काळजीपूर्वक खाली ठेवली, कुत्र्याला बरोबर घेतले आणि काठावरच्या पबकडे चालती झाली. संध्याकाळी जेवण नौकापतीने केले.

पाण्याशी ब्रिंडलीचे संबंध फार चांगले नाहीत आणि त्याला तसेच कारण आहे. जुलै महिन्यात कालव्याच्या संथ फाट्यांवर डकवीड नावाची बारीक पानांची पाणवनस्पती काठापासून काठापर्यंत इतके दाट पसरते, की पाण्याचा थेंब दिसत नाही आणि नुकतीच कापलेली हिरवळच कोणीतरी अंथरून ठेवली आहे, असा भल्याभल्यांचा समज होतो. अशा एका सकाळी कुत्रा बोटीवरून, मोठ्या खानदानी चालीने, त्या हिरवळीवर उतरला. आवाज फारसा झाला नाही. हिरवळीला एक काळे भोक पडले, ते हळूहळू बुजू लागले, आणि मग त्यातून हिरवी टोपी घातलेले एक मस्तक अत्यंत दुखावलेल्या मुद्रेने वर आले. सुदैवाने त्याच्या अंगात तरंगते जाकीट होते, आणि त्या जाकिटाला पाठीवर मूठ असते ती याच प्रसंगासाठी. नौकापतीने आकडीने ती मूठ पकडली आणि सत्तावीस-अठ्ठावीस किलोंचा तो ऐवज डेकवर ओढून घेतला. कुत्रा उभा राहिला, कोणाकडेही न पाहता खाली गेला, आणि आदल्याच दिवशी व्हार्निश दिलेल्या भिंतींच्या मधोमध, त्या सहा फुटी बोळात, त्याने आपले सर्वांग झाडले. तेव्हापासून तो पबच्या अंगणातल्या खऱ्या हिरवळीवरसुद्धा आधी एक पंजा टेकून पाहतो.

मुक्कामाचा बंदोबस्त १९९५ च्या कायद्याने केलेला आहे: ज्याच्याजवळ बोट बांधण्याची कायमची जागा नाही त्याने सामान्यतः १४ दिवसांपेक्षा जास्त काळ एका ठिकाणी राहता कामा नये. तेव्हा पंधरवडा भरत आला की हालचाल करावी लागते, आणि नेमका त्याच सुमारास ब्रिंडलीचा गावातल्या खाटकाशी घरोबा जमलेला असतो. दर हिवाळ्यात नकाशे पसरून पुढल्या उन्हाळ्याचा मनसुबा ठरतो: यंदा वेल्सपर्यंत जायचे, टेलफर्ड आणि जेसप यांनी बांधलेल्या आणि १८०५ साली खुल्या झालेल्या त्या उत्तुंग जलसेतूवरून, जेथे एका बाजूला कठडाही नाही आणि खाली १२६ फुटांवर नदी वाहते, बोट न्यायचीच. उन्हाळ्यात बोट डांबर लावायला निघते.

दोन नौकापती एकत्र आले की शौचकूप पेटीचे बरे की टाकीचे, या प्रश्नावर जी चर्चा रंगते तिचे तपशील मी वाचकांच्या जेवणाच्या वेळेचा विचार करून गाळत आहे. दोन्ही पक्षांत विद्वान लोक आहेत.

ऑक्टोबरात पहिला गारठा पडला, सांधे दुखू लागले, छपराच्या एका फटीतून नेमके उशीवर पाणी ठिबकले, म्हणजे नौकापती बोट विकण्याचा निर्धार करतो आणि ‘विकणे आहे’ असा पुठ्ठा खिडकीला लावतो. मागे एकदा खरोखरच एक गिऱ्हाईक आले: तरुण, सालस, पैसे तयार. नौकापतीने त्याला उशीवरची गळती दाखवली, तळाशी आलेला गंज दाखवला, बॅटऱ्या यंदा काढाव्या लागतील हे सांगितले; तरुण घासाघीस न करता सगळ्याला हो म्हणत गेला. पत्नीचा चेहरा उजळला. कुत्रासुद्धा त्या तरुणाच्या बुटांवर हनुवटी ठेवून झोपी गेला, म्हणजे त्याचीही हरकत नव्हती. शेवटी नौकापतीने फळी उचलली, त्याला खाली वाकायला लावले आणि ते पितळी टोपण दाखवले.

“हे रोज संध्याकाळी पिळायचे.”

“रोज?” तरुण म्हणाला. “आठवड्यातून एकदा नाही चालणार?”

नौकापतीने फळी जागच्या जागी बसवली, त्याला शिष्टाचाराने काठावर पोचते केले, खिडकीतला पुठ्ठा काढला, आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहायला घेतले: डांबरी रंग, वीस लिटर, मॅग्नेशियमचे ठोकळे, चार, ग्रीस, ब्रिंडलीची बिस्किटे.